दक्षिणेकडे वळलेली मान

आप्पांची खुर्ची ओट्यावर पूर्वेकडे तोंड करून मांडलेली असायची. घरच पूर्वाभिमुख. समोर गल्ली, गल्लीपलीकडे मारुतीचा पार. पण आप्पांची मान कायम उजवीकडे, म्हणजे दक्षिणेला वळलेली. गल्लीतल्या म्हाताऱ्या बायांना ते खपायचं नाही. "दक्षिण यमाची दिशा, तिकडं तोंड करून बसू देऊ नको बापाले," असं एकदोघींनी मला बजावून सांगितलं. मी दोन-तीनदा त्यांची मान हाताने हळूच सरळ केली. पाच मिनिटांत पुन्हा तिकडंच. दोन्ही डोळे काचबिंदूने गेलेले. उजेड-अंधाराचाही फरक त्यांना कळत नाही, असं डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं. मग दिशा त्यांना कोण सांगत होतं?

हा डिसेंबर २०२१. त्याच वर्षी मी भुसावळला रेल्वेत गार्ड म्हणून रिटायर झालो आणि अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी, बोरीकाठच्या धाब्याच्या घरात, आप्पांजवळ येऊन राहिलो. आई आधीच गेलेली. सौ.चं भुसावळ आणि गाव असं येणंजाणं चालू होतं. पुण्याची लेक दिवाळीला आली तेव्हा एक पुस्तक कोनाड्यात विसरून गेली होती. यासुनारी कावाबाता या जपानी लेखकाच्या अगदी छोट्या छोट्या कथा, इंग्रजीतून. तळहातावर मावतील एवढ्या कथा, असं लेखकानेच त्यांना म्हटलंय. माझं इंग्रजी रेल्वेच्या नियमांच्या पुस्तकावर पोसलेलं. पण दोन पानांची गोष्ट वाचायला हरकत नाही, म्हणून दुपारी आप्पांच्या शेजारी पायरीवर बसून वाचायला घेतली.

एका गोष्टीत एक तरुण आहे. समुद्रकाठच्या मुक्कामात त्याला एक मुलगी भेटते. समोरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत राहायची त्याला खोड आहे. ती मुलगी लाजून बाहीने तोंड झाकते, तो ओशाळून नजर वाळूवरच्या उन्हाच्या पट्ट्याकडे वळवतो, आणि तिथे त्याला एकदम आठवतं की ही खोड कुठून आली. आईबाप गेल्यावर तो आंधळ्या आजोबांबरोबर एकटा राहायचा. आजोबा शेगडीपुढे पूर्वेकडे तोंड करून बसायचे आणि थोड्या थोड्या वेळाने त्यांची मान दक्षिणेकडे वळायची. उत्तरेकडे कधीच नाही. तो पोरगा समोर बसून तासन्‌तास त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचा. एकदा तरी उत्तरेकडे वळतात का, याची वाट बघत. ते वळले नाहीत. दक्षिण ही उन्हाची बाजू. आंधळ्यालाही ती बाजू जराशी उजळ वाटत असेल का, असं त्याला वाटून जातं.

मी पुस्तक मिटून आप्पांकडे पाहिलं. मान उजवीकडे. डिसेंबरचं तिरपं ऊन दक्षिणेकडून येऊन त्यांच्या गालावर, पांढऱ्या खुंटांवर पडलेलं. त्या दिवसापासून मी त्यांची मान सरळ करणं सोडलं आणि म्हाताऱ्या बायांना सांगितलं, राहू द्या, त्यांना ऊन लागतंय.

त्यानंतर चौदा महिने आप्पा होते. त्या चौदा महिन्यांत आणि नंतर मी कावाबातांचं मिळेल ते वाचलं. आज लिहायला बसलोय, कारण त्यांच्याबद्दल जिथे जिथे वाचतो तिथे 'सौंदर्याचे उपासक', 'नाजूक', 'तरल' असेच शब्द येतात. ते खोटे नाहीत. पण म्हाताऱ्याची खाट ज्याने उचलली आहे त्याला या लेखकात आधी दिसतो तो रोग्याच्या उशाशी बसलेला पोरगा. सौंदर्य मागाहून येतं, त्याच पोराच्या डोळ्यांतून.

कावाबातांचा जन्म १८९९ चा, ओसाकाचा. वडील डॉक्टर. ते १९०१ मध्ये क्षयाने गेले, पुढच्याच वर्षी आई. पोर अडीच-तीन वर्षांचं. आजीआजोबांनी त्याला ओसाकाजवळच्या खेड्यात नेलं आणि मोठी बहीण मावशीकडे गेली. १९०६ मध्ये आजी गेली. १९०९ मध्ये ती बहीणही गेली, जिला त्याने मधल्या काळात जेमतेम पाहिलं होतं. उरले दोघं, दृष्टी गेलेले आजोबा आणि शाळेत जाणारा नातू. मे १९१४ मध्ये आजोबाही गेले. चौदा वर्षांच्या वयात या मुलाच्या घरात त्याच्याशिवाय कुणी उरलं नाही. लहानपणापासून इतक्या अंत्ययात्रांत उभा राहिला की पुढे स्वतःला त्याने अंत्यविधीचा जाणकार म्हणवून घेतलं. त्या नावाची त्यांची एक कथाच आहे.

आजोबांच्या शेवटच्या दिवसांत त्या मुलाने रोज लिहून ठेवलं होतं. पुढे ती डायरी काकांच्या वखारीत सापडली आणि १९२५ मध्ये छापून आली. नाव 'सोळाव्या वर्षाची डायरी'. चौदाचे सोळा कसे, हे मला आधी कळेना. जुन्या जपानी रिवाजात जन्मलेलं मूल एक वर्षाचं धरतात आणि दर नव्या वर्षाला एक वाढवतात. आपल्याकडेही म्हातारी माणसं 'पंधरावं सरून सोळावं लागलं' असं मोजतातच की.

या डायरीबद्दल मला मनापासून सांगायचंय. ज्याला कावाबाता वाचायचे असतील त्याने सुरुवात तिथून करावी. गाजलेल्या कादंबऱ्या नंतर.

पोरगा शाळेतून घरी येतो. घर अंधारं. "आलो," म्हणतो. आजोबांना ऐकू येत नाही. दोनदा-तीनदा ओरडावं लागतं. सकाळ-संध्याकाळ ओमियो नावाची पन्नाशीची शेतकरी बाई येऊन स्वयंपाक आणि इतर कामं करून जाते, बाकी वेळ हा एकटा. आजोबांना कूस वळवून द्यायची. चहा पाजायचा. आणि लघवीसाठी काचेची बाटली धरायची. मुलाला किळस येते, तो तसं लिहितो. आजोबा वेदनेने कण्हतात, मुलाच्या डोळ्यांत पाणी येतं. आणि त्याच ठिकाणी तो लिहितो की बाटलीच्या तळाशी दरीतल्या निर्मळ झऱ्याचा आवाज येतोय.

हे वाक्य वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

आमच्याकडचा पॉट प्लास्टिकचा, पांढरा. मेडिकलमधून आणलेला, बाजूला मिलिलिटरच्या खुणा असलेला. रात्री दोनदा, पहाटे एकदा. आप्पांना लाज वाटायची. आयुष्यभर कापसाची शेती केलेला माणूस, कुणापुढे वाकला नाही. ते तोंड भिंतीकडे करायचे आणि मी तोंड दाराकडे. आमचं दोघांचं हे न बोलता ठरलेलं. त्यामुळे त्या वेळी मला डोळ्यांनी काही दिसायचं नाही, ऐकूच यायचं. आणि खरंच, पहाटे चारला, सगळं गाव निजलेलं असताना तो आवाज पाण्याचाच असतो. आपण त्याला दुसरं नाव देतो म्हणून तो वेगळा वाटतो. चौदा वर्षांच्या पोराला हे कळलं, मला साठाव्या वर्षी त्याने सांगितल्यावर कळलं.

काहीजण म्हणतील, हे दुःखाला गोड करून सांगणं झालं. मला तसं वाटत नाही. त्याने किळसही लिहिली आहे, कंटाळाही, आजोबांवर वैतागून बोलल्याचंही. झरा त्या सगळ्याच्या मध्येच वाहतो. ओंगळ बाजूला सारून सुंदर वेचलेलं नाही, ओंगळातच कान देऊन बसल्यावर ते ऐकू आलंय. पुढे साठ वर्षं हा माणूस जे लिहीत राहिला त्याचं सगळं बी मला त्या बाटलीत दिसतं.

आणखी एक गोष्ट. मुलाने लिहायला शंभर कागद तयार ठेवले होते. शंभर पानं भरायच्या आत आजोबा जातील की काय, अशी त्याला धास्ती. आणि शंभर झाली तर कदाचित आजोबा वाचतील, अशीही आशा. लिहिण्यावर कुणाचा जीव टांगून ठेवणं मला समजतं. आम्हा गार्ड लोकांना ड्युटीवर रफ जर्नल लिहावं लागायचं. गाडी कुठल्या स्टेशनवर कधी आली, कधी सुटली, कुठे किती मिनिटं खोळंबली, का खोळंबली. मालगाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये मी तेहतीस वर्षं हेच लिहीत आलो. सवय जात नाही. आप्पांसाठीही मी एक लांबट वही घातली आणि तशाच रकान्यांत लिहायला लागलो. वेळ. काय झालं. किती. शेरा. 'पहाटे ४.१०, लघवी २००. ६.४५, चहा अर्धा कप, बिस्कीट एक. ९.३०, कळण्याच्या भाकरीचा काला, चार घास.'

पेनाचा आवाज आप्पांना बरोबर ऐकू यायचा.

"काय लिखी र्‍हायना?"

"औषधना हिशोब लिखस, आप्पा."

"लिख, लिख." आणि मग थोड्या वेळाने, "पॅसेंजर गयी का?"

सुरत लाईन गावापासून लांब नाही. वारा तिकडून असला की गाडीचा आवाज येतो. आप्पांचं घड्याळ तेच होतं. कावाबातांच्या आजोबांनाही नातू शेजारी बसून आपलंच बोलणं उतरवून घेतोय हे ठाऊक नव्हतं. मेणबत्तीच्या उजेडात तो लिहायचा आणि त्यांना दिसायचं नाही.

डायरी छापताना कावाबातांनी मागे काही मजकूर जोडला. त्यात ते म्हणतात की सगळ्यात चमत्कारिक हे, की या डायरीतले दिवस मला अजिबात आठवत नाहीत. आठवत नाहीत म्हणजे ते गेले कुठे? हा प्रश्न मी वाचला तेव्हा पटला नव्हता. बापाचे शेवटचे दिवस कोण विसरेल, असं वाटलं होतं.

'हिमप्रदेश' ही त्यांची सगळ्यात गाजलेली कादंबरी. १९३५ पासून मासिकांतून तुकड्यातुकड्याने आली, १९३७ मध्ये पुस्तक झालं, आणि त्यावर हात फिरवता फिरवता शेवटचं रूप यायला १९४८ साल उजाडलं. एका कादंबरीला तेरा वर्षं. तिचं पहिलं वाक्य जपानमध्ये शाळकरी पोरालाही पाठ असतं म्हणतात. सरहद्दीवरचा लांब बोगदा ओलांडून गाडी बाहेर पडते आणि पुढे हिमप्रदेश. रात्रीचा तळ पांढरा होतो. मग गाडी थांबते. कुठे, तर सिग्नलपाशी.

इथे मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. साहित्याच्या माणसांनी या पहिल्या वाक्यावर पानंच्या पानं लिहिली असतील. पण रेल्वेचा माणूस थांबतो तो सिग्नलपाशी. ते प्रवासी चढायचं-उतरायचं स्टेशन नाही. सिंगल लाईनवर समोरच्या गाडीला वाट द्यायला गाड्या जिथे उभ्या करतात ती जागा. आडरान, बर्फ, दोन-चार बराकी. असल्या ठिकाणी मी उभ्या आयुष्यात किती तास काढलेत याची गणती नाही. एक मुलगी पलीकडच्या बाकावरून उठून येते, खिडकीची काच खाली करते, थंडी आत लोटते. ती बाहेर वाकून स्टेशनमास्तरला हाक मारते. कंदील घेतलेला माणूस बर्फ तुडवत सावकाश येतो, नाकापर्यंत मफलर, टोपीच्या पट्ट्या कानांवर. ती त्याला सांगते की माझा भाऊ इथे नोकरीला लागलाय, अजून पोरच आहे, त्याच्याकडे लक्ष असू द्या.

रेल्वेत नव्या लागलेल्या पोराच्या बहिणीचं हे बोलणं मी भुसावळला प्लॅटफॉर्मवर ऐकलेलं आहे. याच शब्दांत.

ती मुलगी योको. ती एका आजारी तरुणाला घेऊन घरी निघाली आहे. गाडीत ती त्याचा मफलर नीट करते, पायाखालचा कोट सरकला की पुन्हा गुंडाळते. शिमामुरा नावाचा प्रवासी हे सगळं सरळ बघत नाही. बाहेर अंधार पडलाय म्हणून खिडकीची काच आरसा झाली आहे, तो काचेत बघतो. काचेत योकोचा चेहरा, चेहऱ्याच्या आरपार पळणारे डोंगर, आणि एका क्षणी लांबवरचा डोंगरातला दिवा बरोबर तिच्या डोळ्यावर येऊन थांबतो. या प्रसंगाची जगभर वाखाणणी झाली. रात्रीच्या ब्रेकव्हॅनमध्ये हातदिवा खाली ठेवला की काचेत काय काय दिसतं ते मी सांगू शकतो, त्यामुळे हे कल्पनेचं नाही, अगदी बघितलेलं आहे, याची मी हमी देतो. पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे, की काचेतलं ते सगळं देखणेपण ज्या चेहऱ्यावर येऊन थांबतं तो चेहरा रोग्याची काळजी घेणाऱ्या बाईचा आहे. पुढे योको म्हणते की मला नर्स व्हायचं होतं. आणि म्हणते की मी आयुष्यात एकाच माणसाची शुश्रूषा केली, आता दुसऱ्या कुणाची करणार नाही. तो माणूस गेल्यावर ती त्याच्या थडग्यावर जात राहते. कोमाको ही गेईशा, म्हणजे नाचगाण्याने पाहुण्यांचं मन रमवणारी बाई, कादंबरीची नायिका खरी, रसरशीत, जिवंत. शिमामुरावर जीव लावून स्वतःला उधळून देणारी. तिच्यावर लोक बोलतात. मी योकोजवळच अडकून राहिलो.

त्या बोगद्याचं थोडं सांगतो, राहवत नाही. शिमिझू बोगदा, लांबी ९.७ किलोमीटर, १९३१ मध्ये सुरू झाला. कावाबाता युझावाला, म्हणजे कादंबरीतल्या त्या गावी, १९३४ मध्ये पहिल्यांदा गेले, म्हणजे बोगदा नवाच होता. अलीकडे टोकियोच्या बाजूला हिवाळा कोरडा, निरभ्र. पलीकडे जपानच्या समुद्रावरून ओलं वारं येतं, डोंगराला अडतं आणि माणसाच्या उंचीच्या वर बर्फ टाकतं. जे बाष्प असतं ते त्याच बाजूला रिकामं होतं आणि अलीकडे कोरडा वारा उतरतो. हे आपल्याला कुणी शिकवायला नको. जुलैत खान्देशातून मुंबईला निघावं. मनमाडपर्यंत आभाळ नुसतं भरलेलं, पाऊस कुठे आहे कुठे नाही. इगतपुरी सोडली, घाटातले बोगदे सुरू झाले की एका बोगद्यात कोरडे शिरावं आणि बाहेर पांढऱ्या धुक्यात, धबधब्यांत निघावं. आपण सह्याद्रीच्या पाठीमागची माणसं. शिमामुराही तसाच पाठीमागून, कोरड्या बाजूने येतो. तिथल्या लोकांसाठी बर्फ हे कष्ट आहे, त्याच्यासाठी बघायची गोष्ट. पाऊस न मिळणाऱ्या मुलखातल्या माणसाला दुसऱ्याचा पाऊस बघताना काय होतं ते मला ठाऊक आहे, म्हणून शिमामुराचा मला राग येतो आणि पूर्ण येतही नाही.

आणि कापड. कादंबरीच्या शेवटाकडे चिजिमी नावाच्या कापडाबद्दल काही पानं आहेत. अंबाडीसारखा वाख देणाऱ्या झाडाच्या धाग्याचं, उन्हाळ्यात अंगाला गार लागणारं. तिथल्या मुली ते हिवाळाभर बर्फात अडकून घरात विणायच्या. सूत बर्फात काततात, बर्फात विणतात, बर्फाच्या पाण्यात धुतात आणि बर्फावरच पसरून पांढरं करतात. शिमामुरा स्वतःचे जुने कपडे दरवर्षी तिकडे शुभ्र करायला पाठवतो. मी ती पानं आप्पांना वाचून, म्हणजे आपल्या बोलीत सांगून दाखवली. कापूस आणि कापड म्हटलं की ते ऐकायचे. बर्फावर कापड वाळत नाही, असं ते ठाम म्हणाले. मी म्हटलं, वाळवत नाहीत, उन्हात ठेवतात, खालून बर्फ वरून ऊन. ते बराच वेळ गप्प बसले. मग विचारलं, "विणनारीले काय भेटस?" विणणारीला काय मिळतं. जळगावच्या जिनिंगवर गाड्यांच्या रांगेत रात्री काढलेल्या माणसाचा प्रश्न. शिमामुराच्या मनातही त्याच पानांवर हे येतं की ज्यांनी हे कष्ट केले त्या पोरींचं नावही मागे राहिलं नाही.

त्यांच्या 'गो'वरच्या कादंबरीचं एवढंच सांगतो. गो हा काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा खेळ. १९३८ मध्ये होनिन्बो शूसाई या वृद्ध उस्तादाचा शेवटचा सामना झाला आणि तो जवळपास सहा महिने चालला. मध्ये उस्ताद आजारी पडून दवाखान्यात. कावाबाता वर्तमानपत्रासाठी तिथे बसून लिहीत होते. उस्ताद हरले आणि जानेवारी १९४० मध्ये वारले. कादंबरी त्यांच्या मरणापासून सुरू होते आणि तिच्यातला वार्ताहर घरच्यांच्या सांगण्यावरून मृत चेहऱ्याचे फोटो काढतो. मग त्या फोटोंकडे बघत राहतो, भुवईतल्या एका लांब केसापर्यंत. वाचताना माझ्या लक्षात आलं, हा तोच मुलगा. समोरचा आता परत बघू शकत नाही, म्हणून हा बघतोय.

याच सवयीचा काळा भाग 'निद्रिस्त सुंदरींचं घर' या १९६१ च्या पुस्तकात आहे. औषध देऊन निजवलेल्या मुलींशेजारी म्हातारे पैसे देऊन रात्र काढतात. सदुसष्ट वर्षांचा एगुची त्यांच्याकडे बघतो. काही मोठे लेखक या पुस्तकावर जीव टाकतात. मला ते नको झालं. मी दोन मुलींचा बाप आहे आणि ज्याला आपण दिसत नाही त्याच्याकडे बघण्यात केवढी जबाबदारी असते हे मी आप्पांच्या खाटेशी शिकलोय. पण कावाबातांनी ते लपवलं नाही, हे मान्य करतो. बघण्याची ती सवय कुठवर घसरू शकते, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं.

१९६८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. साहित्याचं नोबेल मिळवणारे ते पहिले जपानी. १२ डिसेंबरला स्टॉकहोममध्ये त्यांनी जपानीतूनच भाषण केलं, इंग्रजी अनुवाद एडवर्ड सायडेनस्टिकर यांचा. झेन भिक्षूंच्या ऋतूंवरच्या, चंद्रावरच्या कवितांनी भरलेलं भाषण आहे ते. मधेच ते अकुतागावा या आत्महत्या केलेल्या लेखकाच्या अखेरच्या पत्राकडे येतात. मरणाच्या दारातल्या डोळ्यांना निसर्ग जास्त सुंदर दिसतो, असं त्यात आहे. कावाबातांनी त्यावर पूर्वी एक लेखही लिहिला होता, आणि आत्महत्येचं मला कौतुक नाही, सहानुभूतीही नाही, असं त्यांनी स्टॉकहोमला सांगितलं. १९७० मध्ये त्यांचे जवळचे, तरुण लेखक मिशिमा यांनी पोट फाडून घेतलं. अंत्यविधीचे प्रमुख म्हणून पुन्हा कावाबाताच उभे होते. १६ एप्रिल १९७२ ला समुद्राजवळच्या एका खोलीत गॅसने त्यांचा मृत्यू झाला. चिठ्ठी नव्हती. यावर लोकांनी खूप तर्क केले आहेत. मी करणार नाही.

आप्पा फेब्रुवारी २०२३ मध्ये गेले. पहाटे, झोपेत. वहीत त्या दिवशी मी फक्त वेळ लिहिली आहे. शेवटच्या तासाला पुण्याचा पुतण्या व्हिडिओ कॉलवर होता, "काका, फोन जरा त्यांच्याकडे करा," म्हणाला. मी केला नाही. पुढे ते फोटोंचं पान वाचलं आणि वाटलं, करायला हवा होता का? अजून ठरत नाही. त्याचं आजोबांवर माझ्याइतकंच प्रेम होतं.

गेल्या दिवाळीत धाब्याची माती बदलायला काढली, तेव्हा कोनाड्यातलं सगळं सामान उपसलं. त्यात ती वही निघाली. ओट्यावर बसून पहिल्या पानापासून वाचत गेलो, आणि कावाबातांचा प्रश्न माझ्या पुढ्यात येऊन उभा राहिला. पानंच्या पानं माझ्या अक्षरातली, आणि मला त्यातलं काही म्हणता काही आठवेना. २३ मार्चला आप्पांनी रात्रभर आईच्या नावाने हाक मारली, असं लिहिलंय. आठवत नाही. ९ मे, 'मी ओरडलो. नंतर पाय चेपले.' कशावरून ओरडलो, आठवत नाही. हे दिवस गेले कुठे? मी तर तिथेच होतो, रात्रंदिवस.

जूनच्या पानाशी थांबलो. ओसाकाला सूर्य दुपारी कधीच उत्तरेकडून जात नाही. वर्षभर तो डोक्याच्या दक्षिणेलाच. त्या मुलाने कितीही वाट पाहिली असती तरी आजोबांची मान उत्तरेकडे वळणार नव्हती. आपला खान्देश एकवीस अंशांवर. मे संपता संपता सूर्य आपल्या डोक्यावरून पलीकडे जातो आणि जुलैच्या मध्यापर्यंत दिवसभर उत्तरेच्या अंगाला असतो. सकाळचं ऊन आमच्या ओट्यावर डाव्या हाताने येतं. हे मला जन्मापासून दिसत आलंय, पण असं कधी मनात मांडलं नव्हतं.

वहीतली नोंद जशीच्या तशी उतरवतो. ही सकाळही मला आठवत नाही.

'१४ जून. सकाळी ७.४०. चहा अर्धा कप. लघवी २५०. ओट्यावर बसवलं. आभाळ मोकळं. पॅसेंजर गेली का विचारलं, गेली सांगितलं. आज मान डावीकडे.'